चुलीमागचा म्हातारा आणि जिवतीचा कागद : वाचन प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. आमचा वाचनगट कर्वेनगरमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये भेटतो, अकरा जण आहोत, सगळ्यात लहान माझी भाची, १९ वर्षांची, आणि सगळ्यात मोठ्या मावशी, ७४ च्या (सख्ख्या मावशी नाहीत, सगळा गटच त्यांना मावशी म्हणतो). वर्षभर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय आणि दर वेळी तो अर्धवट टाकून आम्ही चहाला उठतो. म्हणजे अशी कादंबरी, जी खऱ्या इतिहासात घडते, राजे खरे, सनावळी खरी, पण तिच्यात देव, भुतं, जादू हेही खरंच असतं, ती वाचायच्या आधी त्या मुलखातल्या पुराणकथा माहीत असाव्या लागतात का? सर म्हणतात असाव्याच लागतात (सर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले संस्कृतचे सर), आणि भाची म्हणते लेखकाचं काम लेखकाने करावं, मी कशाला आधी अभ्यास करू.

तर ठरलं असं की दोन पुस्तकं वाचायची. पहिलं असं की ज्याची मूळ कथा सगळ्यांना माहितीये (किंवा माहितीये असं वाटतं), आणि दुसरं असं की ज्यातलं कुणालाच काही माहीत नाही. शेवटी गटासाठी एक पानाचं टिपण तयार करायचं, पुढच्या पुस्तकांना तोच साचा वापरता येईल.

पहिलं खांडेकरांचं ययाति. आता ही ऐतिहासिक नाही, पौराणिक कादंबरी आहे, हे मला माहीत आहे आणि सरांनी लगेच म्हणूनही दाखवलं. पण मराठीत ही दोन कपाटं कायम वेगळी राहिली, ऐतिहासिक एकीकडे पौराणिक एकीकडे, आणि दोन्ही एकत्र करणारं पुस्तक कुठल्या कपाटात लावायचं हेच कळत नाही, म्हणून एकेक कपाट उघडून बघायचं. दुसरं कॅथरिन आर्डनचं द बेअर अँड द नाइटिंगेल, २०१७ चं, चौदाव्या शतकातल्या उत्तर रशियातलं. इंग्रजीतून वाचायचं, ज्यांना जड जाईल त्यांनी फोन करायचा.

१२ जून, गुरुवार

सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं की पुस्तक न उघडता ययातीची गोष्ट दहा ओळीत लिहून पाठवा. दहा जणांची उत्तरं आली. सगळ्यांना एवढं आठवतंय की शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं, ययातीने हात धरून वर काढलं, शुक्राचार्यांनी म्हातारपणाचा शाप दिला आणि पुरूने तारुण्य दिलं. चांगलं आहे. पण कच कुठे गेला हे विचारल्यावर गडबड. दोघी म्हणाल्या तो नंतर ययातीचा मित्र होतो, एक काका म्हणाले तो शेवटी येऊन सगळ्यांना समजावतो. हे महाभारतात नाही! आदिपर्वातला कच शुक्राचार्यांकडे संजीवनी, म्हणजे मेलेल्याला जिवंत करायची विद्या, शिकायला येतो, राक्षस त्याला मारतात, शेवटी जाळून त्याची राख दारूत घालून शुक्राचार्यांनाच पाजतात, तो पोटात बसून विद्या घेतो, पोट फाडून बाहेर येतो, गुरूला जिवंत करतो, देवयानीला नाही म्हणतो, दोघं एकमेकांना शाप देतात आणि कच निघून जातो. संपलं. ययातीशी त्याचा काही संबंध येत नाही. तो नंतर परत येतो तो खांडेकरांकडे.

म्हणजे आमच्यातल्या तिघांच्या डोक्यात जी "मूळ कथा" आहे ती १९५९ ची कादंबरी आहे, कॉलेजात कधीतरी वाचलेली.

सरांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले की आपल्याकडे सगळ्यांचंच असं आहे. द्रौपदी दुर्योधनाला "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणाली हे लोक शपथेवर सांगतात, कारण १९८८-९० च्या टीव्ही मालिकेत बघितलंय, पण भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्यच नाही. दुर्योधन पाण्यात पडतो, भीम हसतो, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात, असं आहे. आणि ती आवृत्ती म्हणजे १९१९ ते १९६६ चाललेलं काम, १२५९ हस्तलिखितं तपासून केलेलं, आणि आमच्या इथून रिक्षाने काही मिनिटांवर लॉ कॉलेज रोडला. सर हे सांगताना आवाज चढवत नाहीत पण त्यांना ते लागतं हे कळतं.

म्हणून प्रश्न आता बदलला पाहिजे. "पुराण माहीत असावं का" याच्या आधी "जे माहीत आहे असं वाटतं ते कुठून आलंय" हे विचारायला हवं.

२१ जून, शनिवार

उद्याची बैठक पुढच्या रविवारी ढकलली. दोन्ही पालख्या पुण्यात आहेत, उद्या सकाळी निघतील, रस्ते बंद, शिवाय आमच्यातल्या दोघी दिवे घाटापर्यंत चालत जाणार आहेत.

२९ जून, रविवार

ययातिची बैठक. तीन तास चालली, एवढी कधी चालत नाही.

पहिला तास सर अडूनच बसले होते, कचाचं हे असं नाही, पुरूचं हे असं नाही, मूळ कथेत ययाती हजार वर्षं भोग घेतो आणि मग "न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति" म्हणतो, इथे ती हजार वर्षं कुठायत. सगळं बरोबर, पण पुस्तकावर बोलणं होईना. मग बँकेतल्या काकांनी साधा प्रश्न विचारला की सर, मग त्यांनी कच कशाला ठेवला असेल हो शेवटपर्यंत? आणि सर थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले की ययाती जे सगळं करतो ते चूक आहे हे कादंबरीत कुणीतरी जगून दाखवायला हवं, मूळ कथेत ते काम हजार वर्षं आणि तो एक श्लोक करतात, खांडेकरांना श्लोक नको होता, माणूस हवा होता. मला अंगावर काटा आला. कारण हे फक्त सरच बघू शकत होते. ज्याला मूळ कथा माहीत नाही त्याला कच कुठे जोडलाय तो टाकाच दिसत नाही, त्याला सगळं कापड सलग दिसतं.

पण दुसरी बाजूही आजच दिसली. भाचीला मूळ कथा अगदीच जेमतेम माहिती, आणि तिने विचारलं की बापाने तारुण्य मागितल्यावर मुलाला "नाही" म्हणायची खरंच सोय होती का? आम्ही सगळे गप्प. महाभारतात बाकीचे चार मुलगे नाही म्हणतात आणि चौघांनाही शाप मिळतो, हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत होतं, पण लहानपणापासून "पुरू किती गुणी मुलगा" म्हणून ऐकलंय ना, त्यामुळे शाप शाप वाटतच नाही, ती गोष्टीची रीतच वाटते. तिला ते नव्याने ऐकू आलं म्हणून खुपलं.

दोन्ही लिहून ठेवते, एकाने दुसरं खोटं पडत नाही.

६ जुलै, आषाढी

साबुदाणा भिजवून रशियाचं टिपण करायला बसले. यात इतिहास किती आणि पुराण किती हे ठरवताना पूर्ण दिवस गेला. इतिहास असा घेतला: ९८८ साली कीव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म घेतला, म्हणजे गोष्ट घडते तेव्हा धर्म येऊन साडेतीनशे वर्षं होऊन गेलीत. मॉस्कोचे राजे मंगोलांच्या सुवर्ण टोळीला खंडणी देतात. इव्हान पहिला, टोपणनाव कलिता म्हणजे पैशाची थैली, ही खंडणी गोळा करून करूनच मोठा झाला. त्याचा मुलगा इव्हान दुसरा १३५३ ते १३५९, कादंबरीची सुरुवात याच्या काळातली. आपल्याकडे तेव्हा बहामनी राज्य सुरू होऊन सहाएक वर्षं झाली होती (१३४७), हे लिहिल्यावर मला स्वतःला तो काळ एकदम जवळ आला.

पुराणाचं मात्र अवघड, कारण रशियाच्या खेड्यातल्या या श्रद्धांना आपल्यासारखे ग्रंथ नाहीत, पुराणं नाहीत, सगळं आजीच्या तोंडी. घरात दोमोवोय राहतो, चुलीच्या मागे किंवा खाली, छोटासा दाढीवाला म्हातारा. अंगणातला वेगळा, तबेल्यातला वेगळा, न्हाणीघरातला वेगळा, रानातला लेशी, पाण्यात रुसाल्का. बावीस नावं झाली. पान भरलं.

१३ जुलै, रविवार

मूळ बैठक पुढच्या रविवारी, आज फक्त वाटप. चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. पाच जणांना टिपण आधी दिलं, पाच जणांना काहीच नाही, नुसतं पुस्तक. मी दोन्हीत नाही, माझं आधीच वाचून झालंय. मावशी टिपणाशिवायच्या भागात, सर टिपणवाल्यांत, भाची टिपणाशिवाय.

२० जुलै, रविवार

अर्धं पुस्तक झाल्यावरची बैठक. मला वाटलं होतं टिपणवाले पुढे असतील. उलटं झालं.

टिपणवाले परीक्षेसारखं वाचतायत. एकीने टिपण बुकमार्क म्हणून वापरलंय आणि प्रत्येक नाव आलं की थांबून बघते, हा कोण, हा तबेल्यातला, बरं, पुढे. सरांनी तर वहीत तक्ता केलाय. पण पहिल्याच प्रकरणात दुन्या नावाची म्हातारी दाई चुलीपाशी मुलांना गोष्ट सांगते ती काय होती, असं विचारलं तर टिपणवाल्यांपैकी दोघांना धड सांगता येईना. त्यांनी ती "ओळख" म्हणून वाचून टाकली होती, कारण मोरोज्को म्हणजे थंडीचा राजा हे टिपणात होतंच.

टिपण नसलेल्यांना नावांचा फार त्रास झाला. वासिलिसा, वास्या, वासोच्का एकच मुलगी आहे हे कळायला एका काकांना साठ पानं लागली. पण वडील प्योत्र म्हणून ती पेत्रोव्हना, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, मधलं नाव वडिलांचं हे आपल्याकडे आहेच. आणि दुन्याची गोष्ट सगळ्या पाचांना पाठ! सावत्र आई बापाला पोरीला बर्फात सोडून यायला लावते, थंडीचा राजा जवळ येत येत विचारतो, ऊब आहे का गं पोरी, ती गारठून मरायला टेकलेली पण म्हणते हो, आहे की. तिला दागिने मिळतात, आणि सावत्र बहीण उद्धट बोलते, ती गोठून मरते.

त्यातून मावशींनी आज पहिल्यांदाच सांगितलं की ही गोष्ट त्यांनी लहानपणी मराठीत वाचलीये! प्रगती प्रकाशन, मॉस्को, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, ती रशियन पुस्तकं तेव्हा अगदी स्वस्तात मिळायची. बाबा यागा नावाची चेटकीण, तिची कोंबडीच्या पायांवर फिरणारी झोपडी, सगळं त्यांना साठ वर्षांनी आठवत होतं. म्हणजे ज्यांना "काहीच माहीत नाही" असं धरून मी टिपण दिलं नव्हतं त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत होतं. प्रयोग म्हणून बघितलं तर यामुळे तो भाग कच्चा झाला, हे नोंदवून ठेवते. पण मावशींना जे माहीत होतं ते नावांच्या रूपात नव्हतं, गोष्टीच्या रूपात होतं, आणि हा फरक मला टिपण करताना सुचला नव्हता.

२४ जुलै, गुरुवार, दीप अमावस्या

सकाळी दिवे घासत होते. समया, निरांजनं, आजेसासूबाईंची एक लामणदिव्याची साखळी. उद्यापासून श्रावण, म्हणून मंडईतून येताना जिवतीचा कागद आणला होता, तो देव्हाऱ्याशेजारी लावायला घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा. वर नरसिंह आणि कालियामर्दन, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि मध्ये दोन बायका, अंगाखांद्यावर पोरं, एक पोर पाळण्यात. जरा-जिवंतिका. दर श्रावणी शुक्रवारी आई यांची पूजा करायची, आम्हाला ओवाळायची, पुरण असायचं. जिवती मुलांना राखते एवढंच माहीत.

पण जरा कोण? जरा म्हणजे तीच ना, जरासंधाची?

सरांना फोन केला. त्यांनी सभापर्व काढून वाचून दाखवलं. मगधाचा राजा बृहद्रथ, दोन राण्या, ऋषींनी दिलेला एक आंबा दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला, दोन अर्धी मुलं झाली, दायांनी बाहेर टाकून दिली, जरा नावाच्या राक्षसीने ती उचलून जोडली आणि जरासंध झाला. इथपर्यंत मला येत होतं. पुढचं येत नव्हतं. ती मूल घेऊन राजाकडे जाते आणि सांगते की मी जरा, राक्षसी, तुझ्या घरात राहते, इथे माझी पूजा होते, मी सुखाने राहिले, त्याची परतफेड कशी करू याच विचारात होते. आणि राजा तिच्या नावाने मगधात मोठा उत्सव करायला सांगतो. सर म्हणाले की काही प्रतींत तर ती असंही म्हणते की मी घरोघरी असते, जो मला मुलांसकट भिंतीवर काढेल त्याच्या घरी भरभराट होईल.

मुलांसकट भिंतीवर. आणि मी हातात गोंद घेऊन तोच कागद भिंतीला लावत होते.

मग तो दोमोवोय आठवला. चुलीमागचा म्हातारा, ज्याच्यासाठी पावाचा तुकडा ठेवायचा, जो घर राखतो, जो नीट विचारपूस केली नाही तर रुसतो, आणि घर बदलताना जुन्या चुलीतले निखारे मडक्यात घालून त्याला "चल बाबा आमच्याबरोबर" म्हणायचं. मी टिपणात लिहिलं होतं, "दोमोवोय : घराचा रक्षक आत्मा". कोरडं, निर्जीव वाक्य. हेच मी "आपल्या जिवतीसारखा, पण म्हातारा आणि चुलीमागे" असं लिहिलं असतं तर! किंवा तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपल्याला कुणी पुराण म्हणून शिकवलेलं नाही, पण दिवेलागणीला कुणी "मरू दे" म्हणालं की माझी आई अजून दचकते. तेवढ्या दचकण्यात तो दोमोवोय आख्खा कळतो.

आज चिमूटभर काम झालं नाही टिपणाचं, पण मला वाटतं जे शोधत होते ते सापडलं.

२७ जुलै, रविवार

बैठक नव्हती, पण पाच-सहा जण सकाळी वेताळ टेकडीवर गेलो. पाऊस थांबून थांबून, चिखल, मोर ओरडत होते. वर वेताळाचं देऊळ आहे म्हणून टेकडी वेताळाची, आणि आम्ही रोज ते नाव घेतो, फिरायला जातो, टेकडी वाचवायच्या मोर्च्यांना जातो, पण वेताळ कोण हे भाचीला विचारलं तर ती म्हणाली विक्रम-वेताळमधला भूत. सर म्हणाले भूत नाही, भुतांचा राजा, गावची राखण करणारा. तसंच म्हसोबा गेटला रोज बस थांबते. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि जुन्या पायवाटा असेच पायी पालथ्या घालायचे, शेंदूर लावलेल्या दगडांपाशी थांबायचे, आसपासची अश्मयुगीन बारीक हत्यारं वेचायचे, आणि म्हसोबा आणि महिषासुर यांचं नातं त्यांनी १९६२ च्या पुस्तकात मांडलं. देवी ज्याला मारते तोच गावाबाहेर पूजला जातो.

चालता चालता बोलणं झालं की आपल्याकडे चौदाव्या शतकातली अशी कादंबरी कुणी लिहिली तर वाचकाला म्हसोबा समजवावा लागेल का. मावशी म्हणाल्या पुण्यात लागेल, गावाकडे नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पूर्ण पुस्तकावर बैठक. सगळ्यांचं वाचून झालं, टिपणवाल्यांतल्या एकीचं सोडून.

पुस्तकात वास्याची सावत्र आई आहे, अ‍ॅना, इव्हान दुसऱ्याची मुलगी, फार देवभोळी. तिलाही घरातले हे सगळे दिसतात, वास्यालाही दिसतात. अ‍ॅना घाबरून किंचाळते, तिला वाटतं सैतान आहेत, प्रार्थनेत तोंड लपवते. वास्या त्यांच्याशी बोलते. बहुतेकांनी अ‍ॅनाला दुष्ट सावत्र आई म्हणून निकालात काढलं होतं, मीही पहिल्या वाचनात तेच केलं. मग भाची म्हणाली, "पण तिला दुन्या नव्हती ना."

म्हणजे काय ते तिने समजावून सांगितलं आणि मी जमेल तसं लिहून घेतलं. दोघींना तोच म्हातारा दिसतो. वास्याला तो दिसायच्या आधी गोष्ट ऐकवलेली आहे, चुलीपाशी बसून, पांघरुणात, त्यामुळे तिला तो ओळखीचा वाटतो. अ‍ॅना वाड्यात, देवळात वाढली, तिला फक्त एवढंच सांगितलेलं की देव आहे आणि सैतान आहे, मग जो देव नाही तो काय असणार. तिच्याकडे त्याला ठेवायला जागाच नाही. तिचा काय दोष.

आमचा प्रश्न पुस्तकानेच आत ठेवलाय! गोष्टी माहीत असल्याने काय होतं, नसल्याने काय होतं, हेच तर त्या दोन बायकांचं आहे. आणि हे सगळ्यात आधी जिला दिसलं तिच्याकडे टिपण नव्हतं, आणि ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती की आधी माहीत असायची गरज नाही. मी तिला तसं म्हटलं तर ती म्हणाली की मला गरज नव्हती कारण दुन्याने मलाही सांगितलं होतं, पहिल्या प्रकरणात. हे मी अधोरेखित करून ठेवलंय.

अ‍ॅनाबद्दल माझं मत आज पूर्ण बदललं. घरी येऊन तिची सगळी प्रकरणं परत वाचली, रात्री एकपर्यंत, आणि वाईट वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज फक्त चुका गोळा केल्या. आपलं पुराण मनात असल्यामुळे कोण कुठे फसलं. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण एवढ्या दिवसात आम्ही "आपलं त्यांच्यासारखंच आहे" म्हणून खूश होत होतो.

अस्वलाचं आधी. शीर्षकातच अस्वल आहे, आणि तिघांनी धरून ठेवलं की हा शेवटी मदतीला येणार, कारण आपल्या मनात अस्वल म्हणजे जांबुवंत, शहाणा, हनुमानाला त्याची ताकद आठवून देणारा. इथे अस्वल हेच संकट आहे, लोकांच्या भीतीवर पोसलं जाणारं. ते उलगडलं तेव्हा एका काकूंना फसवल्यासारखं वाटलं, पण लेखिकेने फसवलं नव्हतं.

मग पाद्री. कॉन्स्टँटिन मॉस्कोहून येतो, देखणा, सुंदर चित्रं काढणारा, आणि गावाला सांगतो की घरातल्या या भुताखेतांना नैवेद्य ठेवणं बंद करा. सरांसकट चौघांना हे उशिरा समजलं, कारण आपल्याकडे नैवेद्य, शांत, वास्तुपूजन हे सगळं गुरुजींच्या हातात असतं, गुरुजी आले की ते होणार असंच आपण धरतो. धर्माचा माणूस आणि घराची रीत हे एकमेकांसमोर उभे राहू शकतात हे त्यांनी तीन प्रकरणं मानलंच नाही, वाटलं पुढे याचा खुलासा येईल. खुलासा येत नाही, उलट लोक नैवेद्य बंद करतात, घरातले म्हातारे अशक्त होत जातात आणि मग हिवाळा येतो.

आणि रुसाल्का. सगळ्यांनी साती आसरा म्हटलं. मीही म्हटलं असतं. पण आसरांना आपण खणा-नारळाने ओटी भरतो, त्या देवता आहेत, विहिरीवर सात दगड मांडलेले असतात. रुसाल्का ही बुडून मेलेली पोर मानतात, तिची भीती जास्त आणि कीवही. आसरा म्हटलं की कीव निघून जाते, आणि त्या पात्राचं निम्मं वजन कीव आहे.

तर "आपल्यासारखं" लिहिताना दर वेळी "पण" लिहायचा. "पण"नंतरचं वाक्य लांब असलं तरी चालेल.

१७ ऑगस्ट, रविवार

नवीन टिपण केलं. बावीस नावांपैकी पाच ठेवली. वर इतिहासाच्या चार ओळी, सनावळीसकट, त्या सगळ्यांना आधी हव्या होत्या, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं (खंडणी का देतात हे न कळल्यामुळे मॉस्कोची प्रकरणं सगळ्यांनाच जड गेली होती, टिपण नसलेल्यांना जास्त). नावांच्या लाडक्या रूपांचा छोटा तक्ता, तोही आधी. पुराणाचं मात्र आधी काही नाही, मोरोज्कोच्या एका गोष्टीशिवाय. बाकीचं अर्धं पुस्तक झाल्यावर द्यायचं, घडी घालून, वर "शंभराव्या पानानंतर उघडा" लिहून.

सरांचं यावर वेगळं मत आहे आणि ते इथे नोंदवते. ते म्हणतात की कादंबरीत काय बदललंय हे ज्याला बघायचंय त्याला मूळ आधीच लागतं, नंतर सांगून तो टाका दिसतो पण शिवताना बघितल्याची मजा येत नाही. ययातिच्या बैठकीत ते दिसलंच होतं. मला त्यांचं पटतं, पण ते दुसऱ्या वाचनासाठी पटतं. पहिल्या वाचनात मला लोकांनी दुन्याशेजारी बसावं असं वाटतं. यावर आमचं एकमत झालं नाही आणि टिपणाच्या तळाशी दोन्ही सूचना राहणार आहेत.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. बैठक नाही. घरी आरतीला भाची आली होती, जिवतीचा कागद अजून भिंतीवर होता, ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती आणि मग विचारलं की यातली जरा कुठली आणि जिवंतिका कुठली. मला सांगता आलं नाही. आईला फोन लावून विचारलं, आई म्हणाली दोघींना मिळूनच हात जोडायचे असतात, वेगळं कशाला करायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

टिपण नक्की झालं. एक पान पाठपोट, चाळीस प्रती झेरॉक्स करून आणल्या, दहा जास्तीच्या कारण मावशींच्या भिशीतल्या बायकांनाही वाचायचंय.

पुढच्या बैठकीत नवीन चार जण येणार आहेत, त्यांनी पुस्तक उघडलेलंही नाही. त्यांना टिपण द्यायच्या आधी मावशी मोरोज्कोची गोष्ट तोंडी सांगणार, लहानपणी मराठीत वाचली तशी, दहा-बारा मिनिटं, पंखे बंद ठेवून कारण हॉलच्या पंख्यांचा आवाज फार होतो. मावशींनी आज फोनवर एकदा म्हणून दाखवली. "ऊब आहे का गं पोरी" हे त्या तीनदा तीन आवाजात विचारतात, दर वेळी अजून जवळून. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात एकटी उभी असूनही "आहे की" म्हणाले.